कातरलेल्या कडांची चांदी

वाघोलीच्या चौकात गेल्या आठवड्यापासून संत्र्यांच्या हातगाड्या उभ्या राहू लागल्या आहेत. नागपूरच्या ट्रॅव्हल्स सकाळी इथेच नगर रस्त्याच्या कडेला माणसं उतरवतात, डिकीतून पेट्या निघतात, आणि आंबिया बहाराची फळं निघाली हे मला कॅलेंडर न पाहता कळतं. मी काटोलची. संत्रं हातात घेतलं की ते किती दिवसांपूर्वी तोडलंय हे सांगू शकते आणि गाडीवाल्याला तसं सांगतेही. तो वैतागतो. तरी मी दरवर्षी घेते. घरी येऊन एक सोलते, सालीचा बारीक फवारा उडतो, बोटं पिवळी होतात, आणि मग माझं खाण्यावरचं मनच उडतं. फोडी मुलं संपवतात.

वीस-बावीस वर्षांपूर्वीचा एक हिवाळा त्या वासात अडकून बसला आहे. तेव्हा मी नागपूरहून इतिहासात एम.ए. करून पुण्यात आले होते, आणि इतिहासात एम.ए. केलेली मुलगी त्या काळात जे करायची तेच केलं होतं, म्हणजे संगणकाचा कोर्स. पुण्यात तेव्हा ज्याला त्याला तोच एक कोर्स झालेला होता. हिंजवडीला काचेच्या इमारती वर चढत होत्या, आम्ही कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुली रविवारी पेपरातल्या जाहिरातींवर गोल करत बसायचो. त्यात एक जाहिरात अगदी माझ्यासाठीच दिल्यासारखी होती. इतिहासाची पदवी हवी, संगणक यायला हवा. मला वाटलं, छापताना काहीतरी घोटाळा झाला असणार.

घोटाळा नव्हता. कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याची शेड होती, आणि शेडमध्ये आठ संगणक. युरोपातल्या एका नाणेव्यापाऱ्याकडून रोज नाण्यांचे फोटो यायचे. प्रत्येक नाणं कोणाचं, कुठल्या टाकसाळीचं, पुढे काय लिहिलंय, मागे काय कोरलंय, किती दुर्मीळ, हे ओळखून आम्ही रकाने भरायचे आणि परत पाठवायचे. तिथल्या माणसाला हे काम द्यायचं तर परवडत नसे, म्हणून ते समुद्र ओलांडून आमच्या गच्चीवर आलं होतं. पत्रा सकाळी बर्फासारखा गार असायचा आणि दुपारी डोकं भाजायचा. आम्ही सकाळी स्वेटर घालून रोमन सम्राट ओळखायचो आणि दुपारी घाम पुसत.

आमच्या गटाकडे होती उत्तरकालीन रोमन चांदी. साम्राज्य मोडकळीला आलं त्या चौथ्या शतकाच्या अखेरची नाणी. सिलिक्वा म्हणतात त्यांना. नखाहून थोडी मोठी, पातळ, दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला मोत्यांची पट्टी बांधलेला सम्राट, दुसऱ्या बाजूला हातात भाला घेऊन बसलेली रोमा, म्हणजे रोम नगरीची देवी, आणि तिच्या पायाखाली तीन-चार अक्षरं. सगळा जीव त्या अक्षरांत. टी-आर असेल तर ट्रिअरची टाकसाळ, एम-डी असेल तर मिलान, ए-क्यू असेल तर अक्विलिया. पुढचं पी-एस म्हणजे चांदी शुद्ध असल्याची ग्वाही. सम्राट तोच, रोमा तीच, भाला तोच. पण एका टाकसाळीचं नाणं पैशाला पासरी आणि दुसऱ्या टाकसाळीची जगात मोजकी. अडचण अशी, की लोकांनी त्या काळात या नाण्यांच्या कडा कातरून चांदी चोरली होती. कात्री नेमकी त्या अक्षरांवरूनच फिरलेली असायची.

हे सगळं मला शिकवलं मेश्राम सरांनी. सर भंडाऱ्याकडचे. वडील विड्या वळायचे. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले तेव्हा सर सात-आठ वर्षांचे होते. घरात पहिलं पुस्तक त्यानंतर आलं, असं ते सांगायचे. क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर त्यांनी अर्धं आयुष्य घातलं, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, कायम कधी झाले नाहीत. पन्नाशी उलटल्यावर ते या गच्चीवर आले आणि एका वर्षात रोमन चांदी अशी आत्मसात केली, की तो परदेशी व्यापारी चिठ्ठीत त्यांना 'डॉक्टर' म्हणायचा. सर डॉक्टर नव्हते. त्यांचा प्रबंध कुठल्याशा मार्गदर्शकाच्या कपाटात राहून गेला होता.

मी काटोलची आहे हे कळल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून एक संत्रं काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. "मार्केट यार्डातलं आहे. आपल्याकडं असं गुरांपुढं टाकतात," म्हणाले, आणि स्वतः एक सोलायला घेतलं. मी पाहत राहिले. ते संत्र्याकडे पाहतच नव्हते. बोटं देठ शोधत होती, साल एका तुकड्यात निघत होती, आणि नजर समोरच्या भिंतीवर होती.

मला कळायला पंधरा दिवस लागले. संगणकाचा पडदा चालू, माउस हलतोय, चष्मा नाकावर, आणि सरांना दिसत नव्हतं. काचबिंदू. नळीतून पाहावं तेवढा एक गोल तुकडा उरला होता आणि तोही धुरकट. तरुणपणी टायपिंगच्या परीक्षा पास झालेले, त्यामुळे दहाही बोटं कीबोर्डवर न बघता चालायची. गच्चीवर कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. मला शिकवायच्या निमित्ताने त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं होतं. मी वाचायची, ते टाइप करायचे. मला कळलंय हे त्यांनाही कळलं, आणि आमच्यात त्यावर एकच संभाषण झालं.

"पोरी, मला दोन वर्षं काढायची आहेत इथं," ते म्हणाले. "तू वाचशील?"

"वाचीन सर."

मग ते एकदम आमच्या बोलीत आले. आम्ही दोघंच असलो की ते तसे यायचे. "मग एक ध्यानात ठेवजो. दिसंन तेच सांगजो. वाटंन ते नोको सांगू. वाटाचं काम माह्याकडं."

त्या हिवाळ्यातल्या दुपारी मला अजून जशाच्या तशा ऐकू येतात. मी म्हणायची, "सर, चेहरा उजवीकडं. मोत्यांची पट्टी. कानामागून दोन फिती. खाली अक्षर अर्धं, उभी रेघ आणि वर आडवी." सर डोळे मिटून घ्यायचे. दिसत नसताना डोळे मिटायची काय गरज, असं मला सुरुवातीला वाटायचं. टेबलावर त्यांचं बोट हळूहळू फिरायचं आणि थांबायचं. "ट्रिअर. मागची बाजू वाच." त्यांच्या डोक्यात सगळ्या टाकसाळी, सगळे सम्राट, फितींची टोकं, रोमाच्या खुर्चीचे पाय असं सगळं ओळीनं लावून ठेवलेलं होतं, आणि मी एकेक खूण सांगितली की ते नेमक्या खणात हात घालायचे. माणसाच्या डोक्यात एवढी टापटीप असू शकते हे मी त्यानंतर कुठे पाहिलं नाही. मला सरांचा फार अभिमान वाटायचा. खरं सांगायचं तर स्वतःचाही वाटायचा.

एकदा मी विचारलं, इतक्या बारकाईनं कडा कातरायची, मग सम्राटाचं डोकं का सोडलं त्यांनी? खरोखरच, कातरणाऱ्यांनी बहुतेक नाण्यांवर चेहऱ्याला धक्का लावलेला नसतो. सर म्हणाले, "चोराला पण नाणं चालवायचं असतं ना. डोकं शाबूत असलं की नाणं चालते." मग थोड्या वेळानं स्वतःशीच हसले आणि कपाळाला बोट लावून म्हणाले, "आमचंही तसंच आहे म्हण."

सरांना एक पुस्तक करायचं होतं. मराठीत. उत्तरकालीन रोमन चांदी कशी ओळखावी, टाकसाळी कशा लावाव्यात, कातरलेल्या अक्षरांचे उरलेले तुकडे कसे वाचावेत. डोळे होते तोवर त्यांनी बुटांच्या खोक्यांत कार्डं भरून ठेवली होती आणि आता जेवणाच्या सुट्टीत डब्यावर झाकण ठेवून ते मला पुढची सांगायचे, मी लिहून घ्यायची. आमचे साठे साहेब, ते या कंपनीचे मालक, एकदा मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "मेश्राम, मराठीत हे कोण वाचणार? इथं लोक स्वतःच्या घराचं वीजबिल वाचत नाहीत." सर म्हणाले, "एक जण वाचेल साहेब." साठे म्हणाले, "आपण स्वतः धरून?" आणि निघून गेले. सरांना ते लागलं नाही. त्यांना त्या पुस्तकाची इतकी खात्री होती, की थट्टा त्यांच्या आसपास फिरकत नसे. डोळे गेले तर जाऊ देत, डोकं आहे तोवर पुस्तक आहे, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मार्गशीर्षात मिलानची नाणी आली. मॅग्नस मॅक्सिमस नावाच्या बंडखोराची. यानं पश्चिमेकडची गादी बळकावली, शेवटी इटलीत उतरला, थोडे महिने मिलान आणि अक्विलिया त्याच्या ताब्यात होती आणि अक्विलियाजवळच त्याला मारलं. त्याची मिलानची चांदी सापडते. अक्विलियाची फार क्वचित. त्या दिवशी एकामागून एक मिलानच येत होतं. एम-डी-पी-एस. एम-डी-पी-एस. पत्रा तापला होता, मला कंटाळा आला होता, आणि दुसऱ्या दिवशी हिंजवडीला एका मोठ्या कंपनीत माझी मुलाखत होती. मनात मी तिथल्या प्रश्नांची उत्तरं घोकत होते.

पुढचं नाणं आलं. अक्षरांचा खालचा निम्मा भाग कात्रीने नेलेला. वर उरले होते फक्त शेंडे. पहिल्या अक्षराचा एक शेंडा, दुसऱ्याची गोलाई. एमला दोन शेंडे असतात, एला एक. मला एक दिसला. हे मी आज वीस वर्षांनी आठवून रचत नाही. एक शेंडा मला त्याच क्षणी दिसला होता, आणि दुसरा झिजला असेल असं मला वाटलं.

"एम-डी-पी-एस," मी म्हणाले.

सरांचं बोट टेबलावर थांबलं नाही. कशाला थांबेल? त्यांनी मिलान लिहिलं आणि दुर्मीळतेच्या रकान्यात 'सामान्य' टाकलं.

नाणं विकलं गेलं, घेणाऱ्याने ते अक्विलियाचं म्हणून जगाला दाखवलं, आणि व्यापाऱ्याचं पत्र आलं. या वेळी त्यात 'डॉक्टर' नव्हतं. साठे साहेबांनी सगळ्यांसमोर नाण्याचा फोटो पडद्यावर मोठा करून लावला. इतक्या मोठ्या आकारात तो एकटा शेंडा पत्र्याखालच्या प्रत्येकाला दिसत होता. एका माणसाला सोडून.

"मेश्राम, आपण रोमचे अभ्यासक, आम्ही आपले पुण्याचे. तेव्हा जरा समजावून सांगा. हा एम आहे?"

सर म्हणाले, "माझी चूक झाली साहेब."

साठेंना काहीतरी खटकलं असावं. त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून सरांच्या हातात दिलं. आवाज चढवला नाही. "ही पहिली ओळ वाचता का, अहो?"

सरांनी पेपर धरला. थोडा जवळ नेला, थोडा लांब. मग म्हणाले, "चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

कोणी हसलं नाही, एवढं त्या मुलांच्या बाजूनं म्हणते. मी सरांपासून हातभर अंतरावर उभी होते. 'मी वाचलं होतं, चूक माझी आहे,' एवढं एकच वाक्य होतं. पण मुलाखत चांगली झाली होती आणि हिंजवडीच्या कंपनीने अनुभवाचं पत्र मागितलं होतं; ते साठे देणार होते. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. सर त्याच दुपारी काम सोडून गेले. जाताना जिन्यापाशी त्यांनी माझा हात धरला, तो उतरायला आधार म्हणून. बावीस पायऱ्या मी त्यांना खाली नेलं आणि तेव्हाही ते वाक्य बोलले नाही.

आता मुलीला अभ्यासाला बसवताना मी तिच्यावर ओरडते, नीट बघ, अंदाजानं लिहू नकोस. ती म्हणते, आई, एवढं काय त्यात? हिंजवडीत माझं बरं चाललं. मी चुका शोधायचंच काम करते, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामातल्या. मला त्यात बक्षिसं मिळाली आहेत. ती शोकेसमध्ये आहेत आणि पाहुणे आले की मला त्यांची लाज वाटते.

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर मी येरवड्याला सरांच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली बुटांच्या खोक्यांची रांग. काकूंनी तिळाची वडी दिली. त्यांनी मला फार प्रेमानं वागवलं. सरांनी घरी काय सांगितलं होतं देव जाणे. सर खुर्चीत शाल घेऊन बसले होते. थंडी सरत आली होती, तरी शाल होती.

"एक विचारू?" सर म्हणाले. "त्या नाण्यावर तू काय वाचलं होतं? ए-क्यू की एम-डी? मी किती दिवस आठवून राहिलो."

अनुभवाचं पत्र तेव्हा माझ्या हातात आलेलं होतं. नवी नोकरी सुरूही झाली होती. खोटं बोलायला काही कारण उरलं नव्हतं. आणि मी म्हणाले, "सर, मला नाही आठवत."

सर अगदी समजूतदारपणे म्हणाले, "तुले आठवत नाही म्हणजे तू बरोबरच वाचलं असंन. तू डोळ्यानं पाहून सांगे, मी डोक्यातून लिहो. चुकलं त माह्यं डोकंच चुकलं." काकू म्हणाल्या, "काहीतरीच काय बोलता," आणि माझ्याकडे पाहिलं, मी दुजोरा द्यावा म्हणून. मी वडी चावत होते. सर पुढे म्हणाले, "डोळ्याचं समजू शकतो मी. त्याची तयारी केली होती. डोकं जायला नको होतं."

मी वडी संपवली. छान झाली आहे म्हणाले. बसची वेळ सांगून उठले.

नंतर दोनेक वर्षांनी एकदा फोन केला तेव्हा काकूंनी सांगितलं, की कार्डं रद्दीत दिली. सरांनीच द्यायला लावली. जे डोकं एकदा मिलान आणि अक्विलियाची गल्लत करतं, त्यानं आधी कुठं कुठं केली असेल, आणि चुकीचं पुस्तक मागं ठेवण्यापेक्षा न ठेवलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. रद्दीवाल्यानं खोकी रिकामी करून परत दिली, कारण त्याला नुसता कागद हवा होता.

आता विक्रीला आलेल्या जुन्या नाण्यांचे फोटो कोणालाही घरबसल्या पाहता येतात. मी पाहते. जेवणाच्या सुट्टीत सरांनी सांगितलेल्या कार्डांपैकी जी मला आठवतात ती ताडून पाहते. फितीची टोकं, खुर्चीचे पाय, शेंडे. अजून एकही चूक सापडलेली नाही. चूक सापडावी असं मला कधीकधी मनापासून वाटतं, म्हणजे ते डोकं खरंच थोडं हललेलं होतं असं म्हणता येईल. ते तसं नव्हतं.

पुढं मी गेले नाही. येरवडा काही लांब नाही. घर बदलून वाघोलीला आले तेव्हापासून तर रोज तिथूनच जाते. त्या संक्रांतीनंतर आठ वर्षांनी सर गेले, संत्र्यांचाच हंगाम होता. भेटायला गेले तेव्हा काकू एकट्याच होत्या. म्हणाल्या, शेवटी शेवटी सरांना सगळं आठवायचं, पण ते प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायचे. आज वार कोणता, तो बरोबर सांगायचे आणि मग विचारायचे, बरोबर ना? भावाचं नाव, गावाचं नाव, आमच्या लग्नाचं साल. "सारं बरोबर असे बाई. पण म्यां हो म्हटल्याशिवाय त्यायले खरं वाटत नव्हतं."

तेव्हा मी सांगितलं. एक शेंडा, झिजला असेल असं वाटणं, अनुभवाचं पत्र, आठवत नाही म्हणाले ते. सगळं ओळीनं सांगितलं. रडलेही.

काकूंनी मला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. ऐकून झाल्यावर त्या उठल्या, सरांच्या खुर्चीवरची शाल उचलली, घडी घातली आणि घडी हातात धरून उभ्या राहिल्या.

"ते कुठं गेले होते काय?" त्या म्हणाल्या. "आठ वर्षं याच खुर्चीत बसून होते."